चौथं घर आणि दहावं घर

७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. अनंत चतुर्दशीचा गुलाल चिंचवडच्या रस्त्यांवर अजून तसाच होता. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा तरुण चाकणच्या एका कारखान्यात मशिनवर काम करतो. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. कंपनीची बस दीडला सुटते, म्हणून त्याच्या आईने साडेबाराच्या आत त्याला जेवायला वाढलं. खग्रास चंद्रग्रहणाचे वेध त्यानंतर लागणार होते. निघताना तिने बजावलं, ‘कँटीनमध्ये जेवू नकोस. मोक्ष झाला की घरीच जेव.’ संध्याकाळच्या सुट्टीत त्याने दोन केळी खाल्ली, चहा घेतला आणि पुन्हा मशिनवर उभा राहिला. बसमधून उतरून तो जिना चढला तेव्हा साडेबारा व्हायला आले होते. आई जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. बायको जागी होती, कारण सकाळी सहाला मुलीची शाळेची व्हॅन येते आणि नवरा आल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ओट्यावर भाताचं पातेलं झाकलेलं, वर तुळशीचं पान. मोक्षाला अजून तास होता.

‘घरचं बघायचं की कंपनीचं’ हा या पट्ट्यातला रोजचा प्रश्न. पिंपरीपासून चाकणपर्यंत लाखो घरांचं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्याने आणि बसच्या वेळेने ठरतं. ग्रहण आलं की याच घरांमध्ये पंचांग उघडलं जातं, ‘माझ्या राशीला काय सांगितलंय’ असं विचारलं जातं, आणि त्या विचारण्यात नोकरीची काळजी हमखास असते. बढती, बदली, कंत्राट पुढे चालू राहणार की नाही, रात्रपाळीने बिघडलेली तब्येत, घरातली कुरबुर. चंद्रग्रहणाचा या सगळ्याशी काही संबंध आहे का? ज्योतिषाची भाषा आधी नीट ऐकू, मग तिचा खरेखोटेपणा पाहू. ती ऐकण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात कुंडली मांडतात ती चौकोनात तिरक्या रेघा मारून. वर मध्यभागी पहिलं घर, ते शरीराचं. तिथून डाव्या बाजूने मोजत गेलं की डाव्या हाताला येतं चौथं घर, आणि बरोबर त्याच्या समोर, उजव्या हाताला, दहावं. चौथ्याला सुखस्थान म्हणतात, मातृस्थानही म्हणतात. आई, वास्तू, घरातली शांतता यांचं ते घर. दहावं कर्मस्थान. नोकरी, अधिकार, चारचौघांतलं नाव तिथे पाहतात. म्हणजे ज्यांनी ही रचना केली त्यांनी घर आणि काम एकमेकांसमोर बसवलं, एकाची नजर सतत दुसऱ्यावर राहील असं. ज्योतिषात सातव्या घरावर ‘पूर्ण दृष्टी’ असते असं मानतात, आणि चौथ्यापासून सातवं मोजलं की दहावंच येतं.

ग्रहांचंही असंच आहे. चंद्र हा मनाचा आणि आईचा कारक, सूर्य हा बापाचा, राजाचा आणि अधिकाराचा. पौर्णिमेला हे दोघं आकाशात समोरासमोर असतात, मधे १८० अंश. चंद्रग्रहण फक्त पौर्णिमेलाच होतं, म्हणून ज्योतिषी त्याचा अर्थ लावताना ही ओढाताणच आधी वाचतात. एका टोकाला घर आणि मन, दुसऱ्या टोकाला सत्ता आणि काम, आणि सावली पडते ती मनावर. सूर्य तसाच तळपत राहतो. चंद्रग्रहणाने ‘मन अस्वस्थ होतं, घरात वाद होतात, झोप उडते’ असं जे सांगितलं जातं, त्याचं मूळ या कारकत्वात आहे.

७ सप्टेंबरच्या ग्रहणात चंद्र कुंभ राशीत होता, सोबत राहू, आणि समोर सिंहेत सूर्य. कुंभेचा स्वामी शनी. शनी म्हणजे ज्योतिषाच्या भाषेत श्रमिक, सेवक, लोखंड, तेल आणि उशीर. सिंह ही सूर्याची स्वतःची रास, राजाची. चाकणच्या फाउंड्रीत किंवा भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवस काढणाऱ्याला ही यादी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पंचांगातला तो तक्ता, ज्यावर सगळ्यांचं बोट फिरतं. ग्रहण ज्या राशीत होतं, ती आपल्या जन्मराशीपासून कितवी हे मोजायचं. तिसरी, सहावी, दहावी किंवा अकरावी आली तर शुभ फल. दुसरी, पाचवी, सातवी, नववी आली तर मिश्र. पहिली, चौथी, आठवी, बारावी आली तर अनिष्ट. म्हणून त्या ग्रहणात मेष, वृषभ, कन्या आणि धनू या राशींना शुभ लिहिलं होतं. कर्क, वृश्चिक, कुंभ आणि मीन यांना अनिष्ट. बाकी चौघांना मिश्र.

हा तक्ता मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्याच्याकडे घर-नोकरीच्या नजरेने पाहिलं ते बऱ्याच उशिरा. अनिष्ट ठरलेली चार घरं कोणती? पहिलं शरीराचं, चौथं घराचं, आठवं आयुष्याचं, बारावं खर्चाचं आणि शय्येचं, म्हणजे झोपेचं. शुभ ठरलेली चार? तिसरं पराक्रमाचं, सहावं रोगाचं आणि शत्रूचं, पण चाकरीचंही; दहावं कर्माचं, अकरावं लाभाचं. ज्योतिषात या तीन-सहा-दहा-अकराला उपचय स्थानं म्हणतात, जिथे कष्टाने वाढ होते आणि पापग्रहसुद्धा चांगलं फळ देतात असं मानलं जातं. सावली चाकरीत पडली तर चालते, लाभात पडली तर चालते, शत्रूवर पडली तर उत्तमच. ती शरीरावर, घरावर, आयुष्यावर आणि झोपेवर पडलेली मात्र चालत नाही. कामातला काच माणूस सोसतो, त्यातून वरही येतो. पण तोच काच उंबरा ओलांडून आत आला की मोडतोड करतो. हे कोणा एका पंडिताने घर आणि नोकरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असेल असा माझा दावा नाही. उपचयाचा नियम सगळ्याच पापग्रहांना लागतो. पण शतकानुशतकं माणसांची आयुष्यं बघत ज्या लोकांनी ही घरं वाटली, त्यांना कुठलं सोसवतं आणि कुठलं सोसवत नाही याची जाण होती, एवढं तक्त्यातून दिसतं.

जाण होती, पण फळ खरं ठरतं का? इथे साधा हिशेब करून पाहावा. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या घरात होती. बारा राशींपैकी चार अनिष्ट, म्हणजे साधारण एक तृतीयांश माणसं, पावणेसहा लाखांच्या आसपास. एकाच लाइनवर, एकाच सुपरवायझरखाली, एकाच ओव्हरटाइमवर बारा जण उभे असतील तर त्यांतल्या सरासरी चौघांचा महिना बिघडणार आणि चौघांचा सुधारणार, असं हा तक्ता म्हणतो. कारखाना तसा चालत नाही. तिथे ऑर्डर कमी झाली की बाराही जणांचा ओव्हरटाइम जातो.

पुण्यातच याची पद्धतशीर तपासणीही झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या. १०० मुलं हुशार म्हणून निवडलेली, १०० बौद्धिक अक्षमता असलेली. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन यातली कुठली कुठल्या गटातली ते सांगा, असं आव्हान दिलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं असतं तर सरासरी २० बरोबर आली असती. त्यांची सरासरी त्याहूनही खाली राहिली. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या, म्हणजे निम्म्याला दोन जास्त. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयुष्यभर टिकणारा एवढा ठळक फरक ज्या कुंडलीत दिसत नाही, तिच्यात अप्रेझल दिसेल, किंवा सासू-सुनेचं भांडण दिसेल, असं मानायला मला कारण सापडत नाही.

ग्रहणाचं गणित मात्र अचूक, आणि त्याचा अभिमान वाटावा असा आपला इतिहास आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच लिहून ठेवलं की चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. आज पंचांगात ज्यांच्या नावाने धडकी भरते ते राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली, म्हणून दर पौर्णिमेला तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. पौर्णिमा या बिंदूंजवळ आली तरच सापडतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि हे गणित इतकं सोपं केलं की पुढची कित्येक शतकं मराठी मुलखातली पंचांगं त्यावर चालली. नांदगावातला माणूस आधीच सांगू शकत होता, अमुक पौर्णिमेला अमुक घटकेला चंद्र काळवंडेल. सांगितल्याप्रमाणे तो काळवंडायचा. गणिताची ही खात्री फळाच्या पदरात आपोआप पडली, आणि ‘वेळ बरोबर सांगितली तर भविष्यही बरोबर असणार’ हा समज रुजला. दोन्ही एकाच पानावर छापलेले असतात, म्हणून ते वेगळे करणं वाचणाऱ्यालाच करावं लागतं.

त्या रात्री स्पर्श ९ वाजून ५७ मिनिटांनी झाला, अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण बुडाला आणि ८२ मिनिटं सावलीतच राहिला. पण खग्रास चंद्र काळा होत नाही, तांब्यासारखा होतो. पृथ्वीच्या कडेने तिच्या हवेतून वाकून गेलेला तांबूस उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. तो उजेड त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि जिथे जिथे मावळतोय, त्या सगळ्या ठिकाणांहून आलेला असतो. कुठे पहिल्या पाळीची बस सुटतेय, कुठे दिवसाचं काम संपवून माणसं घराकडे निघालीत, आणि त्या दोन्हींचा उजेड एकाच चंद्रावर.

कामगाराच्या विसाव्याचा आणि ग्रहांचा संबंध आपल्याकडे खराखुरा जुळला तो वेगळ्याच वाटेने. आठवड्याच्या सात वारांना सात ग्रहांची नावं आहेत. त्यातला रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना सुट्टी म्हणून मिळाला तो १० जून १८९० रोजी. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षं झुंज दिली. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, अशा मागण्या. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, हेही एक कारण सांगितलं जातं. देवाचा वार पाळायचा म्हणून गिरणी थांबली पाहिजे, असं म्हणता येत होतं. कामगाराच्या घराला, बायको-मुलांना वेळ पाहिजे म्हणून थांबवा, असं म्हटलं असतं तर त्या काळी कुणी ऐकलं नसतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये तो रविवारही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. इथल्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ लहानमोठ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेचा भार वाटून जावा म्हणून लागलेली. गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा वार. त्या दिवशी चिंचवडच्या देवळांत कामगारांची गर्दी दिसते. पण मुलांची शाळा गुरुवारी असते, बायकोचं ऑफिस गुरुवारी असतं. नवऱ्याला गुरुवार, बायकोला शनिवार-रविवार, मुलीला रविवार. अख्खं घर एका दिवशी एकत्र जेवेल असा वारच आठवड्यात उरत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या मुलीने शाळेत कुटुंबाचं चित्र काढलं, त्यात बाबा पलंगावर झोपलेले आहेत. ती जागी असते तेव्हा तो बहुतेक झोपलेलाच असतो.

या ग्रहणाच्या चारच दिवस आधी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची कमाल मर्यादा दिवसाला ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली, आणि ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांत ११५ तासांवरून १४४ वर नेली. १९४८च्या कारखाना कायद्यातल्या चौकटीवर चाकणच्या घरांची सगळी घडी बसलेली होती. शनीच्या कुंभ राशीत राहू आणि समोर राजाचा सूर्य, म्हणून हे झालं असं कुणी म्हटलं तर ते मन मानायला तयार होईल, इतकं चपखल जुळतं. पण हा निर्णय माणसांनी घेतलेला आहे. त्याला हरकत घेता येते, निवेदन देता येतं, युनियनमध्ये मांडता येतो. राहूला निवेदन देता येत नाही. ज्योतिषाच्या सल्ल्याविरुद्ध माझी खरी तक्रार हीच आहे: तो माणसाला हरकतीच्या जागेवरून उठवून शांतीच्या पाटावर बसवतो.

शरीरावर पडणारी सावली पाहायची असेल तर तिसरी पाळी पाहावी. आपल्या पेशींमध्ये उजेड-अंधाराचं घड्याळ असतं. ते कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चं नोबेल मिळालं. रात्री उजेडात उभं राहिलं की झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दबतं, आणि दिवसा खिडकीला जाड पडदा लावून घेतलेली झोप रात्रीच्या झोपेची भरपाई करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. दर आठवड्याला पाळी बदलते तिथे घड्याळ रुळेपर्यंत पुढची पाळी येते. चंद्रग्रहण काही तासांत सुटतं.

आणि गरोदर बायांबद्दल हे इथेच स्पष्ट लिहितो. ग्रहणाने गर्भाला काही होत नाही. चाकू हातात घेतला म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही. दिवसभर उपाशी, पाण्याविना आणि हलायचं नाही म्हणून एका जागी बसून राहिल्याने मात्र चक्कर येऊ शकते, रक्तातली साखर उतरू शकते, अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या कितीतरी मुली सातव्या महिन्यापर्यंत कामावर जातात. त्यांच्या डब्यावर वेध लागू नयेत.

पण वेध या कल्पनेत मला एक गोष्ट सोडवत नाही. चंद्रग्रहणाआधी तीन प्रहर, म्हणजे सुमारे नऊ तास, वेध लागतात. तेवढ्या वेळात नवं काम काढायचं नाही, स्वयंपाकघर थांबवायचं, माणसांनी एकत्र बसायचं, पर्वकाळात दान करायचं. जुन्या गावात दान मागत फिरणाऱ्यांची ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक ऐकू यायची, आणि त्या हाकेत जातीचा जो अपमान होता तो गेला हे चांगलंच झालं. थांबणं मात्र सगळ्यांना माहीत होतं आणि आधीपासून माहीत होतं. वर्षभर आधी छापलेलं थांबणं. कुठल्या सुपरवायझरला फोन करून ते रद्द करता येत नव्हतं. चाकणच्या पाळीत असं एकही थांबणं नाही. तिथे सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या ये, सी-ऑफ (बदली सुट्टी) देतो’ असा निरोप येतो आणि आठवडा पुन्हा सलग होतो.

शास्त्रातही सूट आहेच. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी, अशक्त आणि गरोदर स्त्रिया यांनी नऊ तासांचे वेध पाळायची गरज नाही. त्यांनी संध्याकाळपासून पाळले तरी चालतात, असं पंचांगातच छापलेलं असतं. ही यादी करणाऱ्यांनी शरीराची कुवत बघितली. ती यादी लिहिली गेली तेव्हा तिसरी पाळी नव्हती, बदलती पाळी नव्हती, बारा तासांची पाळीही नव्हती.

त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर मोक्षाची वाट बघत सगळे बसले होते. पोराने बूट काढले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. पाय सुजले होते, मोज्यांचे वळ घोट्यांवर उमटले होते. आईची माळ अर्ध्यावर होती. तिने ती थांबवली, त्या पायांकडे बघितलं आणि सुनेला म्हणाली, ‘वाढ गं त्याला. दुपारपासून उभा आहे. हा अशक्तच की.’

पातेल्यावरचं तुळशीचं पान तिने स्वतः उचलून बाजूला ठेवलं. घड्याळात बारा चाळीस झाले होते.